मंडईतला फोटो

आपल्याकडील सुशिक्षित माणसासमोर मंडईतल्या फोटोच्या दुकानाचा विषय काढला की तो हसतो. पुठ्ठ्याचा अर्धचंद्र आणि त्यावर बसलेले नवे जोडपे. फळीवर रंगवलेले विमान आणि त्याच्या खिडक्यांतून डोकावणारी चार डोकी. मागे ताजमहाल आणि ताजमहालाला खेटून, कोणास ठाऊक कसे, एक नारळाचे झाड! हे सारे त्याला गावंढळ अभिरुचीचे लक्षण वाटते. मला मात्र अलीकडे नेमके उलटे वाटू लागले आहे. मंडईत एका दिवसापुरती जी शेकडो दुकाने लागतात, त्यांत घरी नेल्यावर वीस-पंचवीस वर्षे टिकेल अशी वस्तू देणारे दुकान बहुधा हे एकच असते. जिलेबी संध्याकाळपर्यंत संपते, फुगा वाटेतच फुटतो, बांगड्या रोवण्याच्या चिखलात जातात. फोटो तेवढा ट्रंकेत राहतो. म्हणून या दुकानाविषयी, आणि ते चालवणाऱ्याने काय करावे व काय करू नये याविषयी, थोडे गंभीरपणे लिहावे असे मनात आले.

मंडई म्हणजे पुण्या-मुंबईची भाजीमंडई नव्हे, हे परजिल्ह्यातील वाचकासाठी सांगून ठेवतो. भाऊबीजेपासून पुढे आमच्या भंडारा जिल्ह्यात, आणि १ मे १९९९ रोजी त्यातूनच वेगळ्या झालेल्या गोंदियात, गावोगाव एकेका दिवसाची मंडई भरते. हलका धान कापून झालेला असतो. मजुराच्या हातीही चार पैसे असतात. गोवाऱ्यांच्या ढाली निघतात, दंडार किंवा खडी गंमत होते, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात आणि रात्री नाटक सुरू होते, ते पहाटेपर्यंत. परंतु मंडईला लोक केवळ नाटकासाठी येत नाहीत. लेकी माहेरी येतात, नागपूरला कामाला गेलेली पोरे परततात, सोयरे मुक्कामाला येतात, लग्नाच्या गोष्टीही निघतात. वर्षभर जी माणसे एका ठिकाणी सापडत नाहीत ती त्या एका दिवशी एका अंगणात सापडतात. फोटोवाल्याला हे पुरते ठाऊक असते. विमान आणि चंद्र हे त्याचे निमित्त.

हा धंदा काही आजचा नाही. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो काढण्याची युक्ती आपल्या नावे नोंदवली आणि व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागले. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नामवंत छायाचित्रकार. पण ती साहेबांची आणि धनिकांची हौस होती. जत्रेतल्या माणसाला काच परवडणारी नव्हती. अमेरिकेत १८५६ मध्ये लोखंडी पत्र्यावर फोटो काढण्याच्या पद्धतीचे पेटंट झाले आणि जत्रेत बसल्या बैठकीला फोटो मिळू लागला. आपल्याकडे ते काम केले मिनिट कॅमेऱ्याने. तिपाईवर ठेवलेली लाकडी पेटी, तिलाच काळ्या कापडाची बाही. पेटीच्या आत औषधाच्या दोन वाट्या. फोटोवाला बाहीतून हात घालून, केवळ बोटांच्या अंदाजाने, कागद धुवायचा. आधी उलटा फोटो निघायचा, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. तोच फोटो समोर टांगून त्याचा पुन्हा फोटो काढला की सुलटा मिळायचा. म्हणजे ती पेटी कॅमेराही होती आणि काळोखी खोलीही. प्रयोगशाळेत मुलांना प्रकाशाचा धडा शिकवायचा असेल तर याहून चांगले साधन मला माहीत नाही.

पुढे पोलरॉइड आला. एडविन लँड यांच्या लहान मुलीने १९४३ साली त्यांना विचारले, आत्ता काढलेला फोटो मला आत्ताच का दिसत नाही? तिच्या त्या प्रश्नातून त्यांनी १९४७ मध्ये झटपट फोटोची रीत जगापुढे मांडली व पुढच्या वर्षी कॅमेरा बाजारात आणला. ती कंपनी २००८ साली ती फिल्म बंद करून मोकळी झाली. आमच्या भागात ती चैन फारशी पोहोचलीच नव्हती. ज्यांच्या घरी कॅमेरा असे त्यांच्याकडे बहुधा बडोद्यात तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री असायचा. एका रोलवर बारा फोटो. बारावा निघेपर्यंत पहिला दिसायचा नाही. आणि बारावा निघायला कधी कधी वर्ष लागायचे.

ज्यांच्या घरी कॅमेरा नव्हता, अशा घरांतील वडीलधाऱ्या माणसांचा पहिला फोटो कोणी काढला? पुष्कळदा सरकारने. १९९३ पासून मतदारांची फोटो ओळखपत्रे निघू लागली. नंतर आधार आले. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. स्टुलावर बसा, चष्मा काढा, कॅमेऱ्याकडे पाहा, हलू नका. अशा वेळी जो चेहरा निघतो तो आपण सर्वांनी आपापल्या कार्डावर पाहिलेला आहे. आपण त्यावर हसून सोडून देतो, कारण आपल्यापाशी दुसरे फोटो असतात. पण आमच्या गावांतून फिरा आणि भिंतीवर हार घातलेल्या फोटोंकडे नीट पाहा. कित्येक फोटो आधारवरून मोठे केलेले आहेत. बारा मिलिमीटरचा चेहरा फूटभर केला की डोळ्यांतली भीतीही फूटभर होते. ज्या माणसाने जन्मभर दोन एकर धान पिकवला, चार लेकरांची लग्ने केली, दंडारीत नाचला, तो माणूस नातवंडांना कायमचा आठवतो तो पकडून आणल्यासारखा. मंडईतल्या फोटोला मी क्षुल्लक मानत नाही, त्याचे कारण हे आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात लाखनी तालुक्यातील एका गावच्या मंडईत आम्ही तिघा मित्रांनी असे दुकान एका दिवसासाठी मांडले. एका मित्राचे मामा लग्नाचे फोटो काढतात. त्यांचा कॅमेरा आणि पोस्टकार्डाएवढा फोटो देणारे छोटे छपाईयंत्र आम्हाला उसने मिळाले. बिछायतवाल्याकडून एक पडदा, दोन दिवे आणि त्याच्याच जनरेटरवरून एक तार. फोटोखाली नाव, गावाचे नाव, ‘मंडई’ हा शब्द आणि साल छापून द्यायचे, एवढाच आमचा विशेष. किंमत चाळीस रुपये. त्या रात्री किती कमावले ते सांगण्यासारखे नाही; पण जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे.

पहिले म्हणजे हे यंत्रच एक तमाशा आहे. त्यात शाई नसते, रिबीन असते. तिच्यावर पिवळा, किरमिजी आणि निळा असे तीन रंग आणि शेवटी पारदर्शक लेप, असे ओळीने पट्टे. कागद चार वेळा आत जातो आणि बाहेर येतो. पहिल्या फेरीत कावीळ झाल्यासारखा चेहरा, दुसऱ्या फेरीत तांबूस, तिसऱ्या फेरीत माणूस ओळखू येतो, आणि त्या क्षणी पोरे एकच ओरडा करतात. यात गंमत आहे तशी गोमही आहे. मधेच वीज गेली तर तो पट्टा वाया. अर्धा फोटो पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून जनरेटरवाल्याशी मैत्री ही या धंद्यातील पहिली विद्या. तो चहाला उठला की आम्ही छपाई थांबवायचो.

दुसरे म्हणजे वेळेचे गणित. हल्ली शहरातील कार्यक्रमांत कपावर फोटो, बिल्ल्यावर फोटो, किल्लीच्या गोफावर फोटो, असे प्रकार निघाले आहेत. आमच्या तिसऱ्या मित्राचा कपाचा फार आग्रह होता. मी विरोध केला व अजूनही करतो. कपावरचा फोटो उलटा छापून, कप यंत्रात आवळून, दोनशे अंशांच्या आसपास तापवून तीन-चार मिनिटे ठेवावा लागतो. मग तो हातात घेण्याजोगा व्हायला आणखी वेळ. तासाला पंधराच्या वर कप होत नाहीत. रांगेत तीस जण असतील तर शेवटच्याने दोन तास उभे राहायचे, आणि तोवर त्याच्या गावची गाडी निघून जायची. कागदाचा फोटो मिनिटभरात होतो. एक दिवसाच्या मेळ्यात वस्तू अशी हवी की माणूस ती घेऊनच परतेल. ‘उद्या येऊन घेऊन जा’ हे वाक्य मंडईत चालत नाही, कारण उद्या मंडईच नसते. शिवाय, खरे सांगू? कप फुटतो. आणि फोटोचा कप फुटला की घरातली म्हातारी चार दिवस कशाला तरी घाबरून असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या दिवशी आमच्या तिघांत सर्वांत मोठा वाद झाला तो रंगावरून. हल्लीचे फोन आणि छपाईचे कार्यक्रम चेहरा आपोआप उजळ करतात. न विचारता करतात. मित्राचे म्हणणे असे की लोकांना गोरे दिसायला आवडते, तर देऊ या. आणि त्याचा युक्तिवाद अगदी पोकळ नव्हता. तो म्हणाला, तुला पुठ्ठ्याचा चंद्र चालतो, विमान चालते, मग थोडा उजळ रंग का चालत नाही? दोन्ही खोटेच ना?

या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळ दिवस शोधत होतो. ख्रिस्तोफर पिनी नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातील नागदा या गिरणीच्या गावातल्या फोटोंवर १९९७ साली एक पुस्तक लिहिले. तेथील सुहाग स्टुडिओ आणि त्याचे चालक सुरेश पंजाबी यांचे काम त्यामुळे जगभर गेले. नागदा काही परके नव्हे. आमच्या भंडाऱ्यासारखेच मधल्या हिंदुस्थानातले एक गाव. पिनींचे म्हणणे थोडक्यात असे की आपल्याकडील माणूस स्टुडिओत जातो तो आपण जसे आहोत तसे नोंदवून घ्यायला नव्हे. आपण काय होऊ शकलो असतो ते पाहायला जातो. मला हे पटते. विमानात बसलेल्या शेतमजुराला आपण विमानात नाही हे पक्के ठाऊक असते, पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. तो सर्वांच्या संमतीने खेळलेला खेळ आहे, आणि विमान निवडले त्याने स्वतः. उजळ रंगाचे तसे नाही. तो कोणी मागितलेला नसतो. यंत्र परस्पर ठरवते की हा चेहरा आहे तसा देण्यालायक नाही. आणि उन्हात धान कापून आलेल्या बाईला, तिने न विचारता, तिचा रंग दुरुस्त करून देणे हा मला तिचा अपमान वाटतो. तिने मागितले तर? तर द्यावा, तिचे पैसे, तिचा चेहरा. जुने स्टुडिओवालेही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवीत, ते काही संत नव्हते. आम्ही ती सोय बंद ठेवली आणि मागेल त्याला चालू करून द्यायचे ठरवले. दिवसभरात तिघांनी मागितले. त्यातले दोघे लग्नाच्या खटपटीत असलेले तरुण होते.

नावाचा प्रश्न याहून नाजूक निघाला. ‘खाली नाव काय लिहू?’ हा प्रश्न पुरुषाला विचारला की तो लगेच सांगतो. माहेरी आलेल्या लेकीला विचारला की ती थांबते. काही घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलतात. मग तिला दोन पूर्ण नावे असतात आणि दोन्ही खरी असतात. एक जण आपल्या दोन बहिणींबरोबर आली होती. तिने जरा विचार करून सांगितले, ‘बापू, शाळेतलं टाक.’ बहिणी हसल्या. ती हसली नाही. अशा वेळी फोटोवाल्याने आधार कार्ड पाहायला मागू नये, सल्ला देऊ नये आणि हसूही नये. माणूस सांगेल ते नाव लिहावे. शाळा, कचेरी आणि बँक यांनी तिचे नाव एका ठिकाणी पक्के केले असेल. चाळीस रुपयांच्या फोटोवर तरी ते तिच्या मर्जीने असू द्यावे.

शुद्धलेखनाचेही तसेच. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही. पाणी ते पानी आणि वेणू ती वेनू. एका म्हातारीने नाव सांगितले वेनूबाई. मित्राने, तो मराठीचा चांगला विद्यार्थी असल्यामुळे, सवयीने ‘वेणूबाई’ लिहिले. म्हातारी म्हणाली, ‘बापू, मले वाचता नाही येत. पोरीले दाखव.’ सहावीतल्या नातीने वाचले आणि ठामपणे सांगितले की आजीचे नाव असे नाही. मी नातीच्या बाजूचा आहे. प्रमाण मराठीबद्दल मला पूर्ण आदर आहे, हा लेखही मी तिच्यातच लिहीत आहे. पण फोटोखालचे नाव हे व्याकरणाच्या पेपरातले उत्तर नव्हे. त्या नावाने तिला साठ वर्षे हाक मारली गेली आहे. ‘वेनूबाई’ असेच छापले, आणि आधीचा कागद मित्राने आपल्या खर्चात धरला.

संध्याकाळी एक गृहस्थ एकटेच आले. धुतलेले धोतर, पांढरी टोपी. स्टुलावर बसण्यापूर्वी त्यांनी शांतपणे सांगितले की फोटो मोठा करता येईल असा काढा, पुढे लागेल. कशाला लागेल ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्यांना पडदा साधा हवा होता, ताजमहाल नको. पहिला फोटो त्यांना आवडला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याच्या वेळी दंडारीतला ढोलकीवाला शेजारून वाजवत गेला आणि ते जरासे तिकडे पाहून हसले. तो फोटो त्यांनी घेतला. वाया गेलेल्या दोन कागदांचे पैसे ते देऊ लागले, आम्ही घेतले नाहीत. माझ्या मते अशा दुकानात तीनदा काढून देण्याची तयारी किमतीतच धरलेली असावी. सरकारी स्टुलावर ज्याला एकदाच बसवले गेले त्याला येथे तीनदा बसू द्यावे.

मग फोटोची दुसरी प्रत कोणापाशी राहते, हा प्रश्न. पूर्वी निगेटिव्ह फोटोवाल्यापाशी राहत असे आणि ती फार तर वाळवीच्या तोंडी जाई. आता प्रत्येक फोटो कार्डात राहतो, तेथून फोनमध्ये जातो, आणि सोबत ग्राहकाचा फोन नंबरही जातो, कारण ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’ म्हणून तो आधीच घेतलेला असतो. मी अशाच एका मेळ्यात एका दुकानाच्या फलकावर आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा फोटो जाहिरात म्हणून लावलेला पाहिला आहे. तिला विचारले नव्हते, तिच्या आईलाही नव्हते. त्या दुकानदाराचे म्हणणे, फोटो मी काढला म्हणजे माझा. हे कायद्याने खरे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम सांगते की पैसे देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा असतो. म्हणजे चाळीस रुपये देणारी बाई मालक. कॅमेरा धरणारा नव्हे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचाही कायदा केला आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत त्यात आईबापांच्या संमतीची अट आहे. मंडईत कोणी कलमे वाचून दाखवणार नाही, ते मला समजते. पण दुकानाच्या खांबावर एक पाटी लावायला काय हरकत आहे? ‘फोटो दिल्यावर आमच्याकडून पुसला जाईल. ठेवायचा असल्यास सांगा.’ आम्ही लावली होती. चौघा-पाचांनी ठेवा म्हणून सांगितले, कारण त्यांना पुढे आणखी प्रती हव्या होत्या. बाकीचे आम्ही त्याच रात्री, नाटकाची नांदी सुरू असताना, पुसून टाकले.

फोनच्या या काळात कागद कशाला, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. फोनमध्ये हजारो फोटो असतात हे खरे. आणि फोन पाण्यात पडला, बिघडला किंवा पोराने बदलला की ते हजारो एकदम जातात हेही तितकेच खरे. पण माझे कारण आणखी साधे आहे. ज्या म्हातारीला फोन उघडता येत नाही, तिचे फोटो तिच्या मुलाच्या खिशात असतात. तो नागपूरला गेला की तेही नागपूरला जातात. कागद तिच्या हातात राहतो, आणि तो पाहायला तिला कोणाला हाक मारावी लागत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखवला त्याला आता फार वर्षे झाली. आपल्या महाविद्यालयांत त्या नावाने मुलांना बागेला पाणी घालायला किंवा ग्रंथालयात पुस्तके लावायला बसवतात. ती कामे वाईट नाहीत. पण स्नेहसंमेलनाच्या खर्चातून असे एक छपाईयंत्र घेतले, तर भाऊबीजेनंतरच्या मंडयांत आणि पुढे महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेत मुलांच्या दोन तुकड्या सहज बसू शकतील. त्यात हिशेब आहे, प्रकाशाचे शास्त्र आहे, भाषेचा अभ्यास आहे आणि माणसाला नाव विचारण्याची शिकवण आहे. आमच्या मित्राच्या मामांनी यंत्र पुन्हा द्यायचे कबूल केले आहे. कपवाला मित्र अजून ऐकत नाही. त्याने बिल्ल्यांचे यंत्र बघून ठेवले आहे. बिल्ल्याला माझी ना नाही, तो दोन मिनिटांत होतो आणि पोरे तो छातीवर लावून नाटकाला बसतात. फक्त जनरेटरची तार या खेपेस वेगळी घ्यायची आहे, जिलेबीवाल्याच्या दिव्यांबरोबर नको.